मुळशीचे पाणी आणि तुळिंजचा दिवा : वीज, संमती आणि नागरिक यांविषयीच्या वादांचा इतिहास

प्रास्ताविक

वसई तालुक्यातील तुळिंज हे गाव आज नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस पसरलेल्या दाट वस्तीत मिसळून गेले आहे. २००९ पासून ते वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या हद्दीत येते. या परिसरात येणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष सोपाऱ्याच्या स्तूपाकडे आणि अशोकाच्या लेखाकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याच भूमीच्या अगदी अलीकडच्या इतिहासातील आहे. येथील रहिवाशाचा विजेशी दुहेरी संबंध आहे. सकाळी तो ज्या लोकलने मुंबईस जातो ती विजेवर धावते, आणि रात्री घरी परतल्यावर जो दिवा लावतो तोही विजेचाच. पण या दोन विजांचा इतिहास एक नाही. एकीसाठी सह्याद्रीतील गावे पाण्याखाली गेली. दुसरी या वस्तीला बराच काळ तासांच्या हिशेबाने मिळाली. विजेसंबंधीच्या आपल्याकडील वादांत यंत्राच्या गुणदोषांपेक्षा 'कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही' हा प्रश्न अधिक मूलभूत राहिला आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मुळशी : संमतीचा पहिला प्रश्न

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी पाण्याची वीज पुरविण्याच्या कल्पनेतून टाटा समूहाच्या तीन कंपन्या उभ्या राहिल्या. १९१० च्या पहिल्या कंपनीचे खोपोली केंद्र १९१५ मध्ये, तर आंध्र खोऱ्यातील कंपनीचे भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. तिसरी कंपनी १९१९ ची. तिने मुळशी पेट्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरणाची जागा निवडली. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडायचे, अशी ही योजना होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती देखणी होती, हे तिच्या विरोधकांनाही नाकारता आले नसते.

परंतु त्या खोऱ्यात सुमारे ५२ गावे व अकरा हजारांच्या आसपास माणसे होती. जमिनी रीतसर संपादित होण्यापूर्वीच कंपनीच्या माणसांनी शेतांत चाचणीचे चर खणण्यास आरंभ केला आणि संघर्षाची ठिणगी तेथे पडली. धरण चांगले की वाईट, हा विचार त्या शेतकऱ्याच्या मनात आधी आलेला नव्हता. आपल्या शेतात आपल्याला न विचारता कुदळ कशी पडली, हा त्याचा पहिला प्रश्न होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे सत्याग्रही धरणाच्या जागेवर जमले. पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव, वि. म. भुस्कुटे ही मंडळी या लढ्यातून पुढे आली. बापटांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली तीही याच काळात. गांधीजींनी 'यंग इंडिया'मधून टाटांना आवाहन केले. योजनेचे लाभ कितीही मोठे असोत, एकाही गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध ते मिळवावयाचे असतील तर त्यांचे मोल काय, असा त्या आवाहनाचा आशय होता. काम काही महिने थांबले व त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा सुरू झाले.

राष्ट्रीय चळवळीसाठी हा पेच साधा नव्हता. कंपनी स्वदेशी, गिरण्याही बहुतांशी देशी भांडवलाच्या, आणि वीज म्हणजे परावलंबी कोळशापासून सुटका. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याने या उद्योगास विरोध कसा करावा? दुसरीकडे, सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर खाजगी कंपनीसाठी जमीन घेऊन दिली, तेव्हा 'सार्वजनिक हित' ठरविणाऱ्यांत मावळ्याला स्थान नव्हते. बाधितांचे आक्षेप ऐकून घेण्याची तरतूद असलेले कलम ५-अ त्या कायद्यात आले ते १९२३ मध्ये. मुळशीच्या मावळ्यांच्या दृष्टीने ते उशिराच म्हणावे लागेल.

या लढ्याचा सखोल अभ्यास राजेंद्र व्होरा यांनी केला आहे. त्यांच्या मांडणीतील एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या. कंपनीने भरपाईचा दर वाढविताच त्यांचा विरोध मावळला. जमीन कसणाऱ्या मावळ्याला मात्र पैशाने जमिनीची भरपाई होण्यासारखी नव्हती. लढा फुटला तो या ठिकाणी. पुढे डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरील गाडी शस्त्र दाखवून अडविली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसक सत्याग्रहाच्या मर्यादेबाहेर गेलेल्या या कृतीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण तोवर बाकीचे सर्व मार्ग संपले होते, हेही विसरता येत नाही. भिरा केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले.

खाडीपलीकडची वीज

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे विद्युतीकरण याच काळातील आहे. पश्चिमेकडील मार्गावर विजेच्या गाड्या जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत धावू लागल्या. नालासोपारा स्थानक अशा रीतीने मुंबईच्या विद्युत-व्यवस्थेशी जोडले गेले. तारेतील कोणती वीज कोणत्या धरणाची, हे अर्थातच वेगळे काढता येत नाही. तरी मुंबई प्रदेशाच्या ज्या जाळ्यावर ही व्यवस्था वाढली त्यात मुळशीच्या पाण्याचा मोठा वाटा होता. येथून पुढे चाकरमान्यांची जी वस्ती खाडीपलीकडे सरकत गेली, तिचा पाया या गाडीने घातला. या प्रवाशांना मुळशीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनाही कोणी काही विचारले नव्हतेच.

गाडी खाडी ओलांडून आली, घरगुती वीजपुरवठ्याचा मुंबईचा परवाना मात्र आला नाही. मुंबई उपनगरातील खाजगी कंपनीचे क्षेत्र भाईंदरच्या खाडीशी संपते. त्यापुढील वसई-विरार १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाकडे राहिले. कागदावरील या सीमेचा खरा अर्थ कळला तो २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत.

त्याची पार्श्वभूमी सर्वपरिचित असल्याने येथे थोडक्यात सांगतो. स्पर्धात्मक निविदा न मागविता १९९२ मध्ये एन्रॉनशी झालेला करार, १९९५ मध्ये तो रद्द होणे व पुन्हा मान्य होणे, गुहागर परिसरातील आंदोलकांवरील पोलिसी कारवाई, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटच्या पहिल्या टप्प्याची सुरुवात आणि महागड्या विजेमुळे मे २००१ मध्ये मंडळाने थांबविलेली खरेदी. या वादाने प्रतियुनिट दर हा शब्द अर्थतज्ज्ञांच्या टिपणांतून चहाच्या टपरीवर आणला, हे त्याचे एक अनपेक्षित फलित मानावे लागेल. या साऱ्या गदारोळात नवी वीजनिर्मिती मात्र मागणीच्या मागे पडली.

मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले. तुटवड्याचे तास वाटून देताना विभागवार वीजगळती आणि देयकांची वसुली यांवर आधारित गट पाडण्यात आले. गळती अधिक तेथे अंधार अधिक. शिस्त लावण्याचा उपाय म्हणून त्यात तथ्य होते. तथापि, नियमित देयक भरणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्याच्या आकड्याबद्दल अंधारात बसविणारी ही सामूहिक शिक्षा होती, आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावी हे त्या कुटुंबाला कळत नव्हते. मुंबई शहर या नियमनातून वगळलेले होते. वसई परिसर नव्हता. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली तेव्हा ती देशभर बातमी झाली. खाडीच्या अलीकडे त्याहून दीर्घ अंधार वर्षानुवर्षे केवळ वेळापत्रकाचा भाग होता.

मीटर आणि घराचा उंबरठा

संमतीचा प्रश्न अलीकडे पुन्हा उभा राहिला तो मीटरच्या निमित्ताने. राज्यात सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याच्या महावितरणच्या योजनेची कंत्राटे २०२३ मध्ये दिली गेली. आधी पैसे, मग वीज. शिल्लक संपली की पुरवठा दूरवरूनच बंद. ग्राहक संघटनांनी यास विरोध करताना २००३ च्या वीज कायद्यातील कलम ४७(५) पुढे केले. प्रीपेड मीटर घेण्यास तयार असलेल्या ग्राहकाकडून अनामत मागता येणार नाही, असे ते कलम सांगते. म्हणजे प्रीपेड हा ग्राहकाने निवडण्याचा पर्याय आहे, असा त्यांचा युक्तिवाद. याउलट, केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी नव्या जोडणीसाठी प्रीपेड वा स्मार्ट प्रीपेड मीटर हाच सामान्य नियम ठरविला. 'हक्क' या शीर्षकाखाली निवडच आखडली जावी, यातील विसंगती नोंद घेण्यासारखी आहे. विरोध वाढल्यावर, सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, असे राज्य सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर वापराच्या वेळेनुसार नोंद ठेवणारे स्मार्ट मीटर वापरानंतर देयक देण्याच्या पद्धतीने बसविले जाऊ लागले आणि वाद नव्या रूपात चालू राहिला.

तुळिंजसारख्या वस्तीत या वादाला आणखी एक पदर आहे. येथील चाळींत आणि इमारतींत भाडेकरूंची संख्या मोठी आहे. कायद्यातील 'ग्राहक' या शब्दाची व्याख्या पुरेशी व्यापक असली, तरी व्यवहारात मीटरविषयीचा अर्ज वा हरकत देयक ज्याच्या नावे निघते त्याची, म्हणजे बहुधा घरमालकाची, धरली जाते. दिव्याखाली राहणारा आणि देयक प्रत्यक्ष भरणारा दुसराच असतो. मुळशीत जमिनीच्या कागदावर नाव सावकाराचे होते आणि नांगर मावळ्याच्या हातात होता.