फाटक्या आवाजाची कुळी

मंडपातल्या कर्ण्याचा आवाज फाटला की आपण मांडववाल्याच्या नावाने ओरडतो. गिटारवाले त्याच फाटक्या आवाजासाठी पैसे मोजतात.

1951 साली 'रॉकेट 88' हे गाणे ध्वनिमुद्रित करायला मेम्फिसला निघालेल्या वादकांचा अॅम्प्लिफायर वाटेत खराब झाला. स्टुडिओवाल्या सॅम फिलिप्स यांनी स्पीकरच्या फाटक्या कोनात कागद कोंबला आणि तसेच वाजवायला लावले. बिघाड लोकांना आवडला.

पण बिघाड हवा तेव्हा होत नाही. तो मुद्दाम घडवायचा तर व्हॉल्व्हला छळावे लागते (जुन्या रेडिओत तांबूस उजळायचा, तोच). त्यातल्या ट्रायोडमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनांना मधली ग्रिड आवरते. गिटारकडून आलेल्या विद्युत लहरीने ग्रिड फार ऋण झाली की प्रवाह थांबतो. धन झाली की ती स्वतःच प्रवाह ओढू लागते. लहर दोन्ही अंगांनी चेपते, पण सारखी नव्हे. माझ्या मते सगळी गोडी या असमानतेत आहे.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात अमेरिकी फेंडर बासमनची नक्कल झाली. बासमनमध्ये पहिला व्हॉल्व्ह 12एवाय7 होता, त्याचा वर्धनांक 44. नकलेत ईसीसी83 बसला, वर्धनांक 100. नक्कल मुळाच्या आधीच फाटू लागली! तरी त्यासाठी व्हॉल्यूम भरपूर चढवावा लागे, आणि शेजारी उठून बसत.

कमी व्हॉल्यूमलाही आवाज फाटावा म्हणून कॅलिफोर्नियात अॅम्प्लिफायर बांधणाऱ्या रँडल स्मिथने प्रीअॅम्पमध्येच (अॅम्प्लिफायरच्या सुरुवातीच्या भागात) वर्धनाचा एक टप्पा वाढवला. मार्शलची 1975 ची युक्ती मला जास्त आवडते. दोन इनपुटांसाठी शेजारी बसलेले दोन ट्रायोड 2203 या मॉडेलात एकामागे एक जोडले. नवा व्हॉल्व्ह लागलाच नाही. पहिल्याच्या कॅथोडला 0.68 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एवढ्या लहान कपॅसिटरने खर्ज उठत नाही, नाहीतर पुढे सगळा चिखल. दुसऱ्याच्या कॅथोडला नेहमीच्या दीडेक किलोओमऐवजी थेट 10 किलोओम. त्यामुळे तो ट्रायोड बंद पडण्याच्या उंबरठ्यावरच बसतो आणि लहरीची एक बाजू लवकर छाटली जाते. जाणकार याला 'कोल्ड क्लिपर' म्हणतात. 1981 च्या जेसीएम800 मालिकेतही तो राहिला.

स्वतः बांधायला बसणाऱ्यांना एकच विनंती: आत 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये टिकतो. हात घालण्यापूर्वी कपॅसिटर रिकामे करा आणि मीटर लावून खात्री करा.