घडविणाऱ्यांची नावे

चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत यजमान राबतात. त्यांच्याबरोबर मी जुन्या गोव्याचे बॉम जीझस चर्च पाहिले. १६०५ साली बांधून झालेले. बाहेर उघडा जांभा दगड, आत वेदी सोन्याच्या मुलाम्याने झळाळते. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह असलेली चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडविली. परतताना विजापूरची जामा मशीद पाहिली. तिचा मेहराब महंमद आदिलशहाने १६३६ मध्येच सोन्यारंगांनी सजविला. संताचे नाव कळले, सुलतानाचे कळले. कारागिरांचे मात्र कोणीच सांगितले नाही. खाणीतल्या माणसाच्या घरची मी, मनाला लागले. म्हणून विनंती, आपल्या स्मरणिकेत देणगीदारांच्या शेजारी स्वयंपाक रांधणाऱ्या भगिनींचीही नावे छापावीत.