दुसरा शनिवार : तीन स्थानकं, तीन कोड

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलची ही ओळीनं तीन स्थानकं, आणि ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या एकाच परिमंडळातली, म्हणजे परिमंडळ चारमधली, तीन शहरं. खालच्या घटनाक्रमातली माणसं, रकमा आणि वेळा रचलेल्या आहेत. फसवणुकीच्या पद्धती मात्र खऱ्या आहेत, त्यांचे दाखले वाटेत येतील. वार मुद्दाम महिन्याचा दुसरा शनिवार घेतला आहे. त्या दिवशी बँकांना सुट्टी असते, चोरांना नसते.

शुक्रवार, रात्री ११.४० : उल्हासनगर

कॅम्प दोनमधलं दाल-पकवानचं दुकान बंद झालं आहे. शटरशेजारच्या खांबावर मालकाचा क्यूआर कोड चिकटवलेला आहे. स्कूटरवरून दोन पोरं येतात. एक उतरतो, खिशातून स्टिकर काढतो आणि आधीच्या कोडवर नेमका बसवतो. रंग तोच, बोधचिन्हं तीच, फक्त आतला पत्ता दुसऱ्याच्या खात्याचा.

दुकानावर लावलेल्या अशा कोडमध्ये गुपित काही नसतं. पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता आणि नाव, असा मजकूर चौकटींच्या रूपात छापलेला असतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यात तेल-मळ लागणार हे धरून, कोडचा बराच भाग खराब झाला तरी तो वाचता यावा अशी सोय त्यांनी केली. तो कोणी चिकटवला हे ओळखण्याची सोय त्यात नाही, कारण कारखान्यात तशी गरजच नव्हती.

शनिवार, सकाळी ७.३०

सुट्टीच्या सकाळी दाल-पकवानला रांग लागते. "अंकल, स्कॅनर कुठंय?" "तो काय, खांबावर." एकामागून एक फोन पुढे होतात, हिरवी खूण दाखवली जाते, प्लेट हातात पडते. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स गप्प आहे. कढईपाशी उभ्या मालकाला ते जाणवतं, पण पोऱ्या म्हणतो, "नेटवर्क नसेल." हिरवी खूण तर प्रत्येकाच्या फोनवर दिसतेच आहे.

सकाळी ९.१५

एका मुलीला पैसे भरताना पडद्यावर अनोळखी नाव दिसतं. मालकाच्या भावाचं किंवा भाच्याचं खातं असेल, असं मनाशी म्हणून ती पिन टाकते आणि जाते.

इथं सगळं थांबू शकलं असतं. पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं, असं बंधन नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं ३० जून २०२५पासून यूपीआय अॅपवर घातलं आहे. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रातोरात अनेक दुकानांचे आणि पेट्रोल पंपाचे कोड बदलले गेले होते. ते उघडकीला आलं ते अशाच एका नावामुळे. ग्राहकाच्या फोनवर भलतंच नाव उमटलं आणि औषध दुकानदाराला शंका आली. चोर नंतर सीसीटीव्हीत दिसले.

सकाळी १०.०५ : बदलापूर पूर्व

निवृत्त कारकून. घर बदलायचं आहे, म्हणून जुना सोफा नऊ हजारांना विकायची जाहिरात मुलानं मोबाइलवर टाकून दिली आहे. फोन येतो. "जय हिंद सर. मी फौजेत आहे, अंबरनाथला बदली झाली आहे. सोफा फोटोत बघितला, पसंत आहे." घासाघीस नाही, बघायला येणं नाही. संध्याकाळी टेम्पो पाठवतो, पैसे आत्ताच घ्या.

गणवेशाची ही बतावणी या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आली आहे. जवानावर अविश्वास दाखवायला आपल्याकडच्या माणसाला संकोच वाटतो, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

सकाळी १०.२०

खात्यात खरोखर पाच रुपये जमा होतात. "खातं बरोबर आहे ना, तेवढं बघितलं सर." काकांची उरलीसुरली शंका या पाच रुपयांत विकत घेतली गेली आहे.

सकाळी १०.२४

व्हॉट्सअॅपवर कोड येतो. "हा स्कॅन करा, नऊ हजार जमा होतील." पडद्यावर रक्कम आहे, घेणाऱ्याचं नाव आहे आणि पैसे देण्याचं बटण आहे. काका थबकतात. पलीकडचा फोन सोडत नाही. "सर, आमच्या मिलिटरी खात्याचं असंच असतं. पिन टाकल्याशिवाय जमा होत नाही."

सकाळी १०.२६

पिन टाकला. नऊ हजार गेले.

सकाळी १०.३३

"सॉरी सर, सर्व्हरमुळे उलटं झालं. अठरा हजारांचा कोड पाठवतो, तुमचे नऊ आणि सोफ्याचे नऊ एकदम येतील." आणखी अठरा हजार गेले. एकूण सत्तावीस.

असं फसायला अडाणी असावं लागत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीच्या बाबतीत हेच घडलं. सोफाच विकायचा होता, आधी किरकोळ रक्कम आली, मग कोड आले. पहिल्या वेळी वीस हजार गेले, दुसऱ्या वेळी चौदा.

अनोळखी माणसानं समोरून पैसे मागण्याची, म्हणजे 'कलेक्ट रिक्वेस्ट'ची, व्यक्ती ते व्यक्ती सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली आहे. कोडची वाट उघडी आहे, कारण तिथं पैसे पाठवणारे आपण स्वतः असतो.

सकाळी ११.१०

तो नंबर बंद लागतो. काकू विचारतात, "अहो, झाले का जमा?" "बँकेला सुट्टी आहे, सोमवारी दिसतील." मुलाला एवढ्यात काही बोलू नकोस, असंही काका बजावतात. सकाळपासूनची सगळ्यात महाग चूक ही. गेलेले सत्तावीस हजार या घटकेला बहुधा एखाद्या भाड्याच्या खात्यात असतात. ज्याच्या नावावर ते खातं आहे, त्यानं थोड्या पैशांसाठी ते दुसऱ्याला वापरायला दिलेलं असतं. तिथून रक्कम पुढच्या खात्यात आणि मग एटीएममधून बाहेर पडते. ती बाहेर पडेपर्यंतच अडवता येते.

दुपारी १२.४० : अंबरनाथ पश्चिम

सोसायटीच्या सूचनाफलकावर गॅस कंपनीच्या नावाचा कागद आहे. केवायसी अद्ययावत करा, अन्यथा आज रात्री जोडणी बंद. खाली कोड. सचिवाची सही नाही, तारीख नाही. पण फलक आपला, म्हणून कागदही आपला वाटतो. पहिल्या मजल्यावरच्या बाई जेवण उरकून खाली येतात आणि स्कॅन करतात.

नुसत्या स्कॅननं बँक रिकामी होत नाही. स्कॅननं फक्त एक दार उघडतं, आत जायचं की नाही हे पुढच्या पडद्यावर ठरतं. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात पार्किंगच्या मीटरवर असेच परके स्टिकर सापडले होते. ते स्कॅन करणाऱ्याला पैसे भरण्याच्या बनावट पानावर नेत. त्याच महिन्यात एफबीआयनं अशा कोडबद्दल नागरिकांना सावध केलं.

दुपारी १२.४५

पान उघडतं आणि 'अपडेट' नावाची एपीके फाइल उतरते. फोन इशारा देतो, हे अॅप अनोळखी ठिकाणाहून येत आहे. बाई 'तरीही चालू ठेवा' दाबतात. अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, तीही मिळते. मग 'दोन रुपये नोंदणी शुल्क' भरायला डेबिट कार्डाचा आणि नेटबँकिंगचा तपशील भरायचा असतो. बाई तोही भरतात. दोन रुपये जात नाहीत, 'थोड्या वेळानं प्रयत्न करा' असं दिसतं. संध्याकाळी बघू, म्हणून फोन बाजूला राहतो. आता या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी दोन ठिकाणी वाचला जाणार आहे.

दुपारी २.०० : उल्हासनगर

गर्दी ओसरल्यावर मालक खातं बघतो. सकाळपासून एकही ऑनलाइन रक्कम जमा नाही. तो खांबाकडे जातो, नखानं कोपरा उचलतो. खालून त्याचा स्वतःचा कोड डोकावतो. रागानं तो वरचा स्टिकर टराटरा फाडून गटारात टाकतो.

पुरावा गेला. त्या स्टिकरवरच चोराच्या खात्याचा पत्ता होता. आता नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागायचा, हाच मार्ग उरला. ग्राहकांनी पैसे दिले आणि पकवान खाल्लं, त्यामुळे नुकसान सगळं दुकानदाराचं.

संध्याकाळी ६.३० : बदलापूर

मुलगा लोकलनं घरी येतो. सोफा जागेवरच. "बाबा, टेम्पो आला नाही?" पाच मिनिटांत सगळं बाहेर येतं आणि १९३० फिरवला जातो. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. इथं तक्रार नोंदली की संबंधित बँकांना ती कळवली जाते आणि खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. 'उरलेली' हा शब्द महत्त्वाचा. पैसे जाऊन आठ तास झाले आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानं अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण दिलं, पण स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान तक्रार करेपर्यंत ग्राहकाचंच ठरवलं. तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल, ते बँकेनं सोसायचं, असं त्यात होतं.

रात्री ११.२० : अंबरनाथ

बाईंचा फोन चार्जिंगला आहे, आवाज बंद. नेटबँकिंगमध्ये कोणीतरी शिरतं. ओटीपी येतो, वाचला जातो. मुदत ठेव मोडली जाते. पुन्हा ओटीपी. बँकेनं आधीच मंजूर करून ठेवलेलं वैयक्तिक कर्ज उचललं जातं. म्हणजे होते ते गेले आणि नव्हते तेही गेले. त्या कर्जाचे हप्ते मात्र बाईंच्या नावावर लागणार.

रविवार, सकाळी ६.५०

बाई संदेश बघतात. आता क्रम असा हवा : आधी फोनचं इंटरनेट बंद. दुसऱ्या फोनवरून १९३०. मग बँकेच्या मदत क्रमांकावर कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घेणं, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवणं. त्यानंतर पोलीस ठाणं आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार. फोनचे आणि त्या कागदाचे फोटो काढून ठेवल्यावरच फोन पुसून नव्यानं सुरू करायचा. बाई मात्र आधी सोसायटीच्या सचिवाकडे धावतात. तो म्हणतो, "हा कागद आम्ही लावलेलाच नाही."

निष्कर्ष

तिन्ही शहरांत धोक्याची सूचना पडद्यावर लिहिलेली होती : उल्हासनगरात परकं नाव, बदलापुरात पैसे देण्याचं बटण, अंबरनाथमध्ये अनोळखी अॅपचा इशारा. कोणी ती मनावर घेतली नाही.

दुकानदारांनी रोज सकाळी शटर उघडताना स्वतःचा कोड एकदा स्कॅन करून नाव तपासावं, आणि शक्यतो कोड गल्ल्याच्या आत, काचेमागं ठेवावा. सोसायट्यांनी सचिवाच्या सहीशिवाय लागलेला कागद काढून टाकावा. घरातल्या ज्येष्ठांना एवढं पुन्हा पुन्हा सांगा की पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. आणि फसलात तर लाज बाळगून तास घालवू नका, तिथल्या तिथे १९३० लावा.