सेज: प्राणरक्षक म्हणवल्या गेलेल्या वनस्पतीची गोष्ट (थ्रेड)

१/ तुळस आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळात भूमध्य समुद्राकाठचे करड्या-हिरव्या, लवदार पानांचे एक झुडूप येते. इंग्रजीत ते सेज. शास्त्रीय नाव साल्व्हिया ऑफिसिनॅलिस. आपल्याकडे ते पास्त्यावर भुरभुरण्याच्या मसाल्यापुरतेच परिचित आहे. मध्ययुगीन युरोपात मात्र औषधी बागेत त्याला मानाचे स्थान होते.

२/ या प्रतिष्ठेत नावाचा वाटा मोठा. लॅटिनमध्ये 'साल्वुस' म्हणजे सुखरूप, धडधाकट, त्यावरून 'साल्व्हिया'. पुढे फ्रेंचमार्गे त्याचे 'सेज' झाले. इंग्रजीत 'सेज' म्हणजे ज्ञानी असाही अर्थ आहे, पण तो शब्द निराळ्या धातूचा. केवळ उच्चार जुळला. सेजने स्मरणशक्ती वाढते या समजुतीला हा योगायोग पोषकच ठरला असावा.

३/ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसची अपेक्षा साधी होती: लघवी साफ व्हावी, पाळी यावी, जखमेचे रक्त थांबावे, केस काळे व्हावेत. अमरत्वाचा प्रश्नच नव्हता.

४/ इ.स. ८०० च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या राजवटीत शाही शेतवाड्यांसाठी एक आज्ञापत्र निघाले. कोणत्या वनस्पती लावाव्यात याच्या त्यातील यादीत सेज आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलच्या मठात नवव्या शतकातील एका आदर्श मठाचा आराखडा जपलेला आहे. त्यात रुग्णालयाजवळ औषधी वनस्पतींचे १६ वाफे आखले असून एका वाफ्यावर सेजचे नाव आहे. त्या काळी मठाची बाग हाच परिसराचा दवाखाना असे.

५/ याच शतकात राइशेनाऊ मठातील वालाफ्रीड स्ट्राबो या भिक्षूने आपल्या बागेवर लॅटिन काव्य रचले. खाजकुइली उपटण्यापासून शेणखतापर्यंत सारे स्वानुभवाचे! वनस्पतींमध्ये पहिला मान सेजला. गुण सांगून झाल्यावर तो एक दोषही नोंदवतो: नवी फूट वाढली की जुन्या खोडाचा जीव घोटते, म्हणून छाटणी हवी. या घरभेदाला तो यादवीची उपमा देतो. वालाफ्रीड राजपुत्र चार्ल्सचा शिक्षक होता आणि त्या काळात सम्राट लुईचे थोरले पुत्र बापाविरुद्ध बंड करत होते. त्यामुळे हे बागकामापुरते बोलणे वाटत नाही.

६/ इटलीतील सालेर्नो हे मध्ययुगातील वैद्यकाचे प्रसिद्ध केंद्र. तिथल्या परंपरेशी जोडलेल्या आरोग्यविषयक पद्यग्रंथात सेजचा गौरव इतका, की ते दारी असता माणूस मरावाच का, असा सवाल येतो. लगेच उत्तरही येते: मृत्यूपुढे बागेतल्या कुठल्याच औषधाचे चालत नाही. लोकांनी सवाल पाठ केला, उत्तर विसरले. औषधांच्या जाहिरातींत आजही हेच चालते.

७/ या उत्तराचे मोल क्षयाच्या संदर्भात उमगते. रात्री अंथरूण भिजवणारा घाम हे क्षयाचे कुप्रसिद्ध लक्षण. युरोपातील डॉक्टर अशा रुग्णांना सेजचा काढा देत. घाम कमी झाला की रुग्णाला आणि घरच्यांना दिलासा वाटे. फुप्फुसातला रोग मात्र तसाच राही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला आणि त्यावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आले. तोवर लक्षण आवरणे एवढेच वैद्यांच्या हाती होते. त्यांना भोंदू म्हणणे अन्यायाचे होईल.

८/ आज युरोपीय औषध संस्था सेजच्या पानांना पारंपरिक वापराच्या आधारावर मोजकीच मान्यता देते: सौम्य अपचन, अति घाम, तोंड-घशाचा दाह, त्वचेचा किरकोळ दाह. म्हणजे मुक्काम पुन्हा डायोस्कोरिडीसच्या घरगुती यादीजवळच! स्मरणशक्तीचा दावा अजून तपासला जातो आहे. अल्झायमरच्या रुग्णांवर तेहरानमध्ये झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आशादायक होते. पण रुग्ण थोडे आणि कालावधी अवघा चार महिन्यांचा.

९/ 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' मानणाऱ्यांसाठी एक तपशील. सेजमध्ये थुजोन नावाचे द्रव्य असते आणि मोठ्या मात्रेत ते मज्जासंस्थेला घातक ठरते. पानांच्या काढ्यात ते तुलनेने कमी उतरते, सुगंधी तेलात एकवटते. हे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.