येरवड्याचं तिकीट

सोलापुरात कुणी जरा विचित्र वागलं की कट्ट्यावरून एक वाक्य हमखास यायचं, "याला येरवड्याला पाठवा रे!" मुंबईकर हाच माणूस ठाण्याला पाठवतात, विदर्भातले नागपूरला आणि कोकणातले रत्नागिरीला. एकाच टोमण्याच्या चार प्रादेशिक आवृत्त्या म्हणा ना. गंमत म्हणजे हा टोमणा अगदी अचूक आहे. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं नेमकी या चारच गावांत होती आणि आहेत. येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ खाटा. एकूण ५६९५. सरकारी आरोग्यसेवेचा नकाशा लोकांनी इतका तोंडपाठ केलेला दुसऱ्या कुठल्या आजारात सापडणार नाही.

सोलापूर या नकाशावर नाही. आपल्याला येरवडा, साधारण अडीचशे किलोमीटर. आणि येरवडा म्हटलं की अर्ध्या लोकांना जेल आठवतं, अर्ध्यांना इस्पितळ. दोन्ही एकाच उपनगरात आहेत हा योगायोग असेलही, पण कायदा बघितला तर नातं जवळचं आहे.

१८५८ साली, म्हणजे उठाव नुकताच दडपला होता तेव्हा, इंग्रजांनी वेडाविषयी तीन कायदे एकदम केले. त्यातला एक फक्त 'असायलम'साठी होता. पोलिसांनी रस्त्यावरचा माणूस उचलायचा, मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायचा, मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की माणूस भिंतीआड. डॉक्टरच्या सर्टिफिकेटला जागा होती, पण दाराची किल्ली मॅजिस्ट्रेटकडे. मुख्य काळजी रस्ता शांत राहण्याची होती, माणूस बरा होतो का हा नंतरचा प्रश्न. नागपूरचं इस्पितळ १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं. मुंबईत आधी कुलाब्याला होतं, मग १९०१ साली ठाण्यात नवं उभं राहिलं. १९१२ साली कायदा बदलला, पण मॅजिस्ट्रेट तिथेच. स्वतंत्र भारताला हा १९१२ चा कायदा बदलायला १९८७ साल उजाडलं, तो नवा कायदा प्रत्यक्षात लागू व्हायला १९९३. आणि त्यातही मॅजिस्ट्रेटचा हुकूम होताच! लेगसी कोड काय फक्त आपल्याच प्रोजेक्टमध्ये असतो असं नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण पैसा आहे. एकदा व्यवस्थेचं युनिट 'खाट' ठरलं की बजेटही खाटांवरच जातं. भिंत, वॉर्ड, पहारा, जेवण. १९४६ साली भोर समितीने देशभरातल्या मनोरुग्णालयांची मोजदाद दिली, तेव्हा १९ इस्पितळं आणि १० हजारांच्या थोड्या वर खाटा भरल्या. म्हणजे ४० हजार माणसांमागे एक. इंग्लंडात तेव्हा ३०० माणसांमागे एक होती. आता आपल्या राज्याच्या ५६९५ खाटांना २०११ च्या लोकसंख्येने (११.२४ कोटी) भागून बघा. साधारण १९,७०० माणसांमागे एक खाट येते. पासष्ट वर्षांत आकडा निम्म्यावर आला, बस्स.

पण मला वाटतं खाटा कमी पडल्या हे रडगाणं चुकीच्या जागी आहे. इंग्लंडने आणि अमेरिकेने त्या प्रचंड खाटा बांधल्या, आणि १९५० च्या दशकात क्लोरप्रोमॅझिन हे औषध आल्यावर पुढच्या काही दशकांत बऱ्याचशा रिकाम्या केल्या. आपण त्या बांधल्याच नाहीत. म्हणजे मधली पायरी गाळून थेट गावागावांत सेवा नेण्याची संधी आपल्याला होती, जशी लँडलाईन न घेता मोबाईल घेतला तशी. ती का हुकली हा खरा प्रश्न.

कल्पनांची वानवा नव्हती. १९३० च्या दशकातच कलकत्त्यात आणि मुंबईत जे.जे.ला साध्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी सुरू झाली होती. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी तर कमालच केली. वॉर्ड भरलेले, माणसं कमी, म्हणून त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटबरोबर त्याच्या घरच्यांनाच राहायला बोलावलं. घरचे जवळ असले की पेशंट लवकर सुधारतो, शिवाय घरचे आजार समजून घेऊन परत जातात. जगात नंतर ज्याला 'फॅमिली' हा मोठा शब्द लावून पेपर लिहिले गेले ते पंजाबात तंबूत चाललं होतं.

याची दुसरी बाजू फारशी कुणी बोलत नाही. घरचे आले म्हणजे घरच्यांचा खर्चही आला. आई राहिली म्हणजे आईची मजुरी बुडाली. हा खर्च सरकारच्या कुठल्याही खात्यात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरलं जातं.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. मानसिक आजार प्राथमिक आरोग्य केंद्रातच ओळखायचा आणि औषधही तिथेच द्यायचं, असा तो विचार. बंगलोरच्या निम्हान्सने १९८० च्या दशकात बेल्लारी जिल्ह्यात ते करूनही दाखवलं. बेल्लारी काही परदेश नाही, आपल्याच मद्रास लाईनवर पुढे गुंतकलपासून थोडं आत. त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, देशात फक्त ४ जिल्ह्यांत. पायलट १९८५ च्या आसपास, रोलआउट १९९६ ला, तोही चार साईट्सवर! आज तो ७६७ जिल्ह्यांना मंजूर आहे. मंजूर असणं आणि चालू असणं यातला फरक सरकारी ऑफिसात एकदा तरी गेलेल्याला समजावून सांगायला नको.

मधल्या काळात लोक काय करत होते? जिथे दार उघडं होतं तिथे जात होते. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लाईनवर गाणगापूर रोड स्टेशन लागतं. दत्ताच्या त्या ठिकाणी आरतीच्या वेळी घुमणारी माणसं आपल्याकडच्या प्रत्येक घरात कुणीतरी पाहिलेली असतात. मी त्यांना हसणार नाही. तिथे कुणी मॅजिस्ट्रेटचा कागद मागत नाही, अख्ख्या कुटुंबाला राहता येतं, आणि 'वेडा' असा शिक्का बसत नाही, 'बाधा' म्हणतात. बाधा उतरते, शिक्का उतरत नाही. पण याच विश्वासाचं टोक तामिळनाडूत एरवाडीला दिसलं. ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयघराला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं-मारणं हा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१३ साल लागलं, तेही दाभोलकरांचा खून झाल्यानंतर.

मराठी माणसांनी या काळात बरंच काम केलं, आणि ते बहुतेक सगळं सरकारी भिंतीच्या कडेकडेने. येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, ते त्याच आवारात, पु. लं.च्या देणगीतून. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. 'देवराई' (२००४) या सिनेमामागेही हीच संस्था होती. त्यातला अतुल कुलकर्णी आपल्या सोलापुरात वाढलेला, हे इथे मुद्दाम नोंदवतो. (सोलापूरकर ही संधी सोडत नाही.)

आता आकडे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यं, ३४,८०२ प्रौढ. त्यात १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. आणि ज्यांना आजार होता त्यांतले ७० ते ९२ टक्के, आजारानुसार, उपचाराविना. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता हे लक्षात ठेवूनही शनिवारी दुपारी मी एक्सेल उघडलंच.

सोलापूर जिल्हा २०११ ला ४३ लाख. दोन तृतीयांश प्रौढ धरले तर साधारण २९ लाख, त्याचे १०.६ टक्के म्हणजे तीन लाख माणसं. देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्या हिशोबाने जिल्ह्याला ३२ डॉक्टर येतात. एका डॉक्टरकडे साडेनऊ हजार पेशंट. प्रत्येकाला दोन महिन्यांतून एकदा दहाच मिनिटं दिली आणि वर्षात ३०० दिवस काम केलं, तर डॉक्टरला रोज १९० पेशंट बघावे लागतील, म्हणजे जवळजवळ ३२ तासांचा दिवस. ही कपॅसिटी प्लॅनिंगची अडचण आहे, डॉक्टरांच्या आळसाची नाही. सध्या ती कोलमडत नाही याचं एकमेव कारण म्हणजे बहुतेक पेशंट येतच नाहीत.

येतात त्यांचं काय? त्याच सर्वेक्षणात उपचार आणि प्रवास मिळून महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खिशातून जातात असं आढळलं. आपल्याला हा एका मल्टिप्लेक्सचा खर्च वाटेल. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईला तो महिनाअखेरचा किराणा आहे. आणि हा खर्च दर महिन्याचा, वर्षानुवर्षं चालणारा. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढलेल्या एका हिशोबात, घरात मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या मासिक खर्चातला सुमारे १८ टक्के वाटा याच उपचारांवर जातो आणि साधारण पाचातलं एक कुटुंब त्यापायी गरिबीत ढकललं जातं असं निघालं.

सरकारी बाजू बघा. २०२३-२४ च्या केंद्रीय बजेटमध्ये मानसिक आरोग्यासाठी ९१९ कोटींच्या आसपास. आरोग्य मंत्रालयाच्या ८९ हजार कोटींपैकी एक टक्का, माणशी साडेसहा रुपये. त्यातले ७२१ कोटी एकट्या निम्हान्सला, ६४ कोटी तेजपूरच्या संस्थेला. (निम्हान्सच्या नावात 'न्यूरो' पण आहे, त्यामुळे ते सगळे पैसे मनासाठी नव्हेत. आणि आरोग्य हा राज्यांचा विषय, राज्यं वेगळा खर्च करतात. तरीसुद्धा...) १८५८ चंच तर्कशास्त्र आहे हे, फक्त भिंत आता चांगल्या संस्थेची आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मॅजिस्ट्रेटला बऱ्याच अंशी बाजूला केलं, आणि उपचार मिळणं हा हक्क ठरवला. त्यातलं एक कलम आपल्या कामाचं आहे. शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा लागतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढलं, २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टालाही कंपन्यांना तेच सांगावं लागलं. पण विमा प्रामुख्याने अॅडमिट झाल्यावर मिळतो. डिप्रेशनच्या बहुतेक पेशंटना खाट लागतच नाही, त्यांना लागतात गोळ्या, समुपदेशन आणि दर महिन्याची ओपीडी. म्हणजे विम्यातसुद्धा युनिट खाटच! आपापल्या कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी काढा आणि ओपीडीचं पान वाचा.

शेतकरी आत्महत्यांमुळे २०१५ मध्ये राज्याने प्रेरणा प्रकल्प आणला, मराठवाड्यातले ८ आणि विदर्भातले ६ जिल्हे. बार्शीतून पलीकडे उस्मानाबादेत गेलं की योजना सुरू, अलीकडे नाही. दुष्काळाला ही सीमा कुणी कळवली होती का ते माहीत नाही.

स्वस्तात होणारं कामही आहे. गोव्यात 'संगाथ'ने साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून डिप्रेशनवर सहा ते आठ भेटींचा उपचार देऊन बघितला, रीतसर चाचणी केली, आणि त्याचा फायदा झाल्याचं २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ३२ तासांच्या दिवसाला दुसरं उत्तर मला तरी दिसत नाही.

टेली-मानस हा त्याच वाटेवरचा प्रकार. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो. माढ्यातल्या किंवा मंगळवेढ्यातल्या माणसाला येरवड्याचं तिकीट न काढता कुणाशी तरी बोलायची सोय झाली. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून १८ लाखांच्या वर कॉल गेले. त्यासाठीची तरतूद २०२३-२४ ला १३४ कोटी होती, २०२४-२५ ला ९० कोटी झाली आणि २०२५-२६ ला सुमारे ८० कोटी.