जिमखाना शुल्क आणि आखाड्याचा हिशेब

महाविद्यालयात प्रवेश घेताना जी शुल्कपावती हाती पडते, तिच्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा, ओळखपत्र अशा नोंदींच्या गर्दीत 'जिमखाना' अशी एक ओळ असते. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ती होती; आज आम्ही जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ज्या मुलामुलींना शिकवतो त्यांच्या पावतीवरही ती आहे. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आमच्यापैकी एकानेही त्या पाच-सहा वर्षांत महाविद्यालयाच्या चेंडूला हात लावला नाही, आणि त्या ओळीतल्या पैशांचे पुढे काय होते हे विचारलेही नाही. खान्देशात खेळावरच्या खर्चाविषयी लोक बोलतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. ते भरपूर बोलतात, तावातावाने बोलतात. ते कुठे बोलतात आणि कुठे गप्प बसतात, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आधी शब्दाकडे पाहू. भाषेच्या मास्तरांची ती खोडच आहे. 'जिमखाना' हा शब्द दिसतो तितका इंग्रजी नाही. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशाने त्याचे मूळ 'गेंदखाना', म्हणजे चेंडूघर, असे सुचवले आहे. 'जिम्नॅस्टिक्स'च्या ओढीने 'गेंद'चा 'जिम' झाला असावा, आणि उत्तरेत रुडकी येथे १८६१ च्या सुमारास तो शब्द रूढ झाला. मुंबईत १८७५ साली साहेबांचा बॉम्बे जिमखाना निघाला, मग पारशी, मुसलमान, हिंदू असे जमातीजमातींचे जिमखाने उभे राहिले, १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना आला. या साऱ्यांना सभासद होते, कुंपण होते आणि वार्षिक सभा होती. सभासद वर्गणी भरी आणि सभेत उठून हिशेब मागे. महाविद्यालयांनी हा शब्द उचलला, वर्गणीही उचलली, कुंपणही घातले. सभा तेवढी वाटेत राहून गेली.

खान्देशातल्या खेळाची जुनी जागा म्हणजे तालीम आणि यात्रेतली दंगल. चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात, आणि यात्रेच्या आधी पंचमंडळी पट्टी गोळा करतात. ज्याने आमच्या भागातली यात्रा पाहिली आहे, त्याला ठाऊक आहे की खरी कुस्ती आखाड्यात उतरण्याच्या महिनाभर आधी मंदिराच्या ओट्यावर सुरू होते. वर्गणी एवढी जमली. त्यातले लोकनाट्य तमाशाच्या फडाला किती आणि कुस्त्यांना किती? मोठ्या फडाची सुपारी दिली तर शेवटच्या कुस्तीचे इनाम उतरते, इनाम उतरले की नावाजलेला पहिलवान येत नाही, आणि शेजारच्या गावाने तोच पहिलवान बोलावला तर वर्षभर तोंड दाखवायला जागा उरत नाही. मंडपाचा खर्च कशाला, माती आपल्याच नदीची आणली तर बैलगाडीचे भाडे कशाला, पंचांच्या जेवणावळीचा बोजा पट्टीवर का? हे सारे प्रश्न विचारणारी माणसे पहिलवान नसत. ती निव्वळ बघी असत. परंतु त्यांनी पट्टी दिलेली असे, आणि यात्रा आटोपल्यावर ओट्यावर वही वाचली जाई तेव्हा मागच्या रांगेतला कोणीही अहिराणीत विचारू शके, "आमना पैसा कोठे गया, भो?" उत्तर द्यावे लागे. पुढच्या वर्षीची पट्टी त्या उत्तरावर अवलंबून असे.

या व्यवस्थेला सोनेरी मुलामा देण्याचा आमचा हेतू नाही. तिथे बायकांना जागा नव्हती, ना आखाड्याच्या कडेला, ना ओट्यावर. कोणी कुठे बसायचे हे जातीने ठरलेले असे, आणि वर्गणी घेताना जे हात लांबत ते जागा देताना आखडत. वही वाचली जाई ती ज्यांना विचारण्याची मुभा होती त्यांच्यासाठीच. तरीही विचारणारा प्रेक्षक तिथे होता, एवढे खरे.

या प्रेक्षकाच्या बळावरच महाराष्ट्र केसरीची स्पर्धा खान्देशात येऊ शकली, असे आम्हांला वाटते. १९६१ साली औरंगाबादला स्पर्धा सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, ती धुळ्याला भरली. भगवान मोरे विजयी झाले. १९६६ मध्ये जळगावला दीनानाथ सिंह यांनी किताब मिळवला. १९७७ ची स्पर्धा चाळीसगावला झाली, आणि विजेत्यांच्या यादीत त्या वर्षापुढे नावाऐवजी 'अनिर्णित' असा शब्द आहे. चाळीसगावच्या जुन्या बघ्यांच्या दृष्टीने तो शब्द किती सलणारा असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

महाविद्यालयांचा ओघ वेगळ्या दिशेने आला, कापसाच्या पैशातून. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ च्या सुमाराची. पहिल्याच्या नावात जळगावच्या खान्देश मिलचे संस्थापक आहेत, तर दुसऱ्याच्या नावात अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ, ज्यांनी १९१६ साली त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. दात्याने जमीन आणि पैसा दिला, आणि त्याबरोबर मैदानेही आली. इथे हिशेबाचा मालक बदलला. पट्टी देणारे शेकडो असतात, दाता एक असतो. त्याच्यापुढे हिशेब विचारायचा नसतो, आभार मानायचे असतात. मैदानावर खेळणारी मुले त्या काळी मूठभर होती आणि त्यांना पाहायला येणारे त्यांचेच वर्गबंधू. तरी मैदान दिसत होते, ते कोणी दिले हे ठाऊक होते.

याच काळात शेजारी नव्हे, पण महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला जे घडले ते इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आखाड्याचा हिशेब आणि महाविद्यालयाचा हिशेब तिथे एकदा, बहुधा एकदाच, एकमेकांना भेटले. गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांची मदत झाली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते, सरकारदरबारी हात पसरून झाले होते. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यात जमलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. महाविद्यालयाने काढलेले कर्ज आखाड्याभोवती बसलेल्या बघ्यांनी फेडले! क्रीडा-अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हा अध्याय असायला हरकत नव्हती.

खान्देशातल्या महाविद्यालयांची मैदाने १९४९ पासून पुणे विद्यापीठाच्या छायेत होती. धुळ्याच्या मुलाला विद्यापीठाच्या संघात जायचे असेल तर चाळीसगावची पॅसेंजर धरायची, तिथे गाडी बदलायची, आणि रात्र काढून पुण्याला निवडचाचणीला उभे राहायचे. आमच्या शिक्षकांच्या पिढीकडून या प्रवासाच्या कथा आम्ही ऐकल्या आहेत. त्यांत तक्रार असे ती एकच: पैसा इथून जातो आणि धावपट्टी तिथे होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले त्यामागे जी अनेक गाऱ्हाणी होती, त्यांत हेही एक धरायला हवे. गिरणेच्या काठी बांभोरीजवळ ६५० एकरांचा परिसर मिळाला. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाला मिळावे, याचा आम्हां मराठीच्या लोकांना झालेला आनंद वेगळा सांगायला नको.

अंतर मिटले, मुलांचे कष्ट वाचले. ही मोठीच गोष्ट झाली. विभागीय, आंतरविभागीय आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी उतरंड लागली. राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला तर 'अश्वमेध' असे नाव मिळाले. (अश्वमेधात घोड्याचे काय होते, हे नाव सुचवणाऱ्याच्या लक्षात नसावे.) पण या स्पर्धा पाहायला कोणी येत नाही. आम्ही स्वतः, विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर, एका आंतरविभागीय कबड्डीच्या अंतिम सामन्याला गेलो होतो. मैदानाभोवती दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, क्रीडा संचालक, पंच आणि चहावाला. त्याच आठवड्यात आठ-दहा कोसांवरच्या यात्रेतल्या दंगलीला माणसांचा समुद्र लोटला होता. जिथे प्रेक्षक होता तिथे वही होती. जिथे पावती होती तिथे प्रेक्षकच नव्हता.

प्रेक्षक असले म्हणजे सारे आलबेल असते, असेही नाही. अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल पाहायला लाखालाखाची गर्दी लोटते, आणि १९२९ सालीच कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने त्यातल्या पैशाच्या व्यवहारावर बोट ठेवले होते. १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी तर संघच मोडीत काढला. रसिक संतापले. ओस पडलेल्या त्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया घडवण्यात आली. मैदान हटवले की त्याजागी काय येईल, हे सांगता येत नाही.

आमच्याकडे काय आले, ते सांगणे आम्हांला भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी काही जण ज्या महाविद्यालयात होते, तिथे विनाअनुदानित अभ्यासक्रमांसाठी इमारत बांधायची ठरली. जागा हवी होती, आणि जागा एकच होती. शिक्षकांच्या सभेत नकाशा फिरवला गेला. धावण्याच्या मार्गाचे एक वळण आणि खो-खोचे पूर्ण मैदान नकाशावरच्या आयताखाली जात होते. शारीरिक शिक्षणाचे आमचे सहकारी उभे राहिले, चार वाक्ये बोलले आणि खाली बसले. आम्ही मराठीचे लोक. 'मैदान' हा शब्द फारशी आहे हे आम्हांला ठाऊक होते, त्याच्या बाजूने बोलावे असे मात्र सुचले नाही. आम्ही सह्या केल्या. नव्या अभ्यासक्रमांच्या शुल्कपावतीवरही 'जिमखाना' ही ओळ छापली गेली.

पण हे एका संस्थेचे पाप म्हणून सोडून देता येत नाही. खान्देश मिल बंद पडली आणि तिच्या आवारात व्यापारी संकुल उभे राहिले. २००३ नंतर राज्यभर जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुले उभारण्याचे धोरण आले. त्यांतल्या अनेकांच्या दर्शनी बाजूला दुकानांचे गाळे असतात, भाड्यातून देखभाल व्हावी म्हणून. हिशेब चुकीचा नाही. फक्त रस्त्यावरून जाणाऱ्याला मोबाइलचे दुकान दिसते, मैदान दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी ओट्यावर कोणी भांडत नाही.

भांडण पूर्ण संपलेले नाही, हेही पाहिले पाहिजे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी किताब जिंकला, तेव्हा त्यांना सरकारी नोकरी का मिळत नाही, हा प्रश्न खान्देशात चहाच्या टपरीपासून सभामंचापर्यंत विचारला गेला. पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. हा प्रश्न विचारणारे आखाड्याचे लोक होते. महाविद्यालयांत मात्र २००५ च्या शासन निर्णयाने खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण दिल्यापासून खेळाविषयीची चौकशी वाढली आहे ती प्रमाणपत्राची. कोणत्या स्पर्धेचे चालते, कोणत्या क्रमांकाचे चालते. गरीब घरच्या मुलांनी हे विचारू नये, असे म्हणण्याचा अधिकार पगारदार माणसांना नाही.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षातल्या एका कबड्डीपटू मुलीने आम्हांला वर्गाबाहेर गाठले. संघाच्या प्रवासभत्त्यावरून काही वाद झाला होता. तिचा प्रश्न सरळ होता: "सर, पावतीवर जिमखान्याचे पैसे सगळ्यांकडून घेतात ना? मग ते सगळे मिळून होतात किती?" तिच्या गावच्या यात्रेत तिचे वडील पट्टी गोळा करतात, वही घरातच असते, हे तिने नंतर सांगितले. आम्हांला उत्तर येत नव्हते. आम्ही कार्यालयात गेलो. लिपिकाने चष्म्यावरून पाहिले, "हे आजवर कोणी मागितलं नव्हतं, सर," म्हणाला, आणि प्राचार्यांची परवानगी आल्यावर दोन दिवसांनी खतावणी काढून दिली. चुना, जाळी, चेंडू, पंचांचे मानधन, प्रवासखर्च, ढाली. शाल-श्रीफळाची नोंद चुन्याच्या नोंदीपेक्षा मोठी होती. आम्ही पाने उलटत होतो आणि ती मुलगी शेजारी उभी राहून आपल्या वहीत एकेक आकडा उतरवून घेत होती.