शिवणीतून उभे राहणारे पात्र

कापडाला स्वतःचा आकार नसतो; ज्यावर टाकावे त्याचा आकार ते घेते. असे कापड आतून कोणताही सांगाडा न देता भांड्यासारखे उभे करायचे, तर टाका केवळ सांधण्यासाठी वापरून भागत नाही. तोच घडणीचे साधन व्हावा लागतो.

कापडाचे दोन-तीन पदर एकावर एक ठेवून तळाच्या मध्यापासून वर्तुळाकार धावदोरा घातला जातो. टाके जितके दाट, तितके कापड ताठ. तळ पुरेसा रुंद झाला की कलावंत दोरा किंचित ओढून घेतो. परीघ आकसतो आणि कडा आपोआप वर उचलली जाते. कोकणात वाकळ शिवणाऱ्या बायका हा परिणाम चांगला ओळखतात, पण दोष म्हणून. दोरा ओढला गेला की वाकळीला फुगा येतो, ती सपाट पसरत नाही. तोच दोष येथे घडणीचा पाया ठरतो. पोट फुगवायचे तर ओढ सैल करायची, गळा आवळायचा तर वाढवायची. चाकावरच्या कुंभाराच्या बोटांचे काम येथे दोऱ्याचा ताण करतो.

तंतूला असे शिल्पाचे बळ देता येते, हे मुंबईत १९४९ मध्ये जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी मोठ्या प्रमाणावर दाखविले. त्यांचे साधन मात्र टाका नव्हे, गाठ होती. रंगविलेल्या दोरीला गाठी मारीत त्यांनी माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

किनाऱ्यावरील दमट हवेत नुसत्या टाक्यांचा ताठपणा टिकत नाही. खळ द्यावी, तर तिला बुरशी आणि कीड लागते. या अडचणीवरचा तोडगा सिंधुदुर्ग जिल्ह्यातच, सावंतवाडीच्या गंजिफांत सापडतो. कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन ते घोटतात. चित्रण झाल्यावर लाखेचा थर देतात. दशावतारी गंजिफांच्या संचातील १२० पाने त्यामुळे खेळताना मोडत नाहीत.

सावंतवाडीत भरतकामही होते. १९०८ सालच्या ‘इम्पीरियल गॅझेटियर’मध्ये तेथील कातड्यावरील व कापडावरील सोन्या-चांदीच्या भरतकामाची नोंद आहे. तिच्याच जोडीला वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि पेट्यांचा उल्लेख येतो. त्यांवर जर आणि भुंग्यांचे चकचकीत पंख बसवीत. म्हणजे टाक्याचे कसब, कापड ताठ करण्याची कृती आणि तंतूंपासून पात्र घडविण्याची सवय या तिन्ही गोष्टी एकाच गावात होत्या. शिवलेल्या पात्राकडे वळणाऱ्या आजच्या कलावंताला परदेशी नमुन्यांपेक्षा हे घर जवळचे आहे.

अशा पात्रात पाणी राहत नाही. लाखेचा हात दिला तरी ते पावसाळ्यात उघड्यावर ठेवू नये. उन्हात वाळवून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले बरे.